इंद्रायणीवरचा फेस येतो कुठून?

प्रश्न: आम्ही मोशीला राहतो. मागच्या कार्तिकीला सासूबाईंना आळंदीला घेऊन गेले तर नदीवर पांढराशुभ्र फेस, लोक तो हाताने बाजूला सारून डुबकी मारत होते आणि सासूबाईंनीही तेच पाणी डोळ्यांना लावलं. सगळे म्हणतात कंपन्या केमिकल सोडतात. तेवढंच कारण आहे का?

उत्तर: ताई, वाचून पोटात तुटलं. कंपन्यांचा वाटा आहेच, चोरून सोडणाऱ्यांना माफी नाहीच, पण फेस यायला कंपनीच लागते असं नाही, आपल्या घरातली पावडर, शाम्पू, भांड्यांचं लिक्विड एवढं पुरतं. ते पाणी शुद्ध न होता नाल्यातून नदीत येतं, बंधाऱ्यावरून खाली आपटलं की घुसळतं, बादलीत पावडर टाकून वरनं नळ सोडला की होतं ना, अगदी तसं.

आता आकडे बघा. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या 2001 ला साधारण 10 लाख होती, 2011 ला 17 लाखांच्या वर गेली, आणि त्यानंतर तर विचारूच नका. तुमची मोशी, चिखली, चऱ्होली ही 1997 ला पालिकेत आलेली गावं, जिथे ज्वारी-बाजरी होती तिथे टॉवर आले. टॉवर दोन-तीन वर्षांत उभा राहतो, पण ड्रेनेज लाइन आणि शुद्धीकरण केंद्र मागून रखडत येतं, मधल्या काळात मैलापाणी जवळचा ओढा पकडतं. वरच्या अंगाला लोणावळ्यापासून देहूपर्यंतही वस्ती वाढलीच आहे, त्यांचं पाणीही इकडेच. दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही, सगळीकडे काँक्रीट झाल्यावर पाऊस जमिनीत मुरत नाही, मग उन्हाळ्यात झरे आटतात आणि नदीत स्वतःचं पाणीच उरत नाही, उरतं ते सांडपाणी. त्यातल्या घाणीवर जंतू वाढतात, पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतात, मासे मरतात, जलपर्णी मात्र जोरात.

तुमच्या सोसायटीत एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचं स्वतःचं छोटं केंद्र, आहे का? असेल तर कमिटीला घेऊन एकदा खाली जाऊन बघाच. मी अशाच एका मोठ्या सोसायटीत गेलो होतो, हवा सोडायचा ब्लोअर बंद, का तर लाइटबिल जास्त येतं म्हणून, टाकीतलं पाणी काळंकुट्ट आणि सडक्या अंड्यासारखा वास. नीट चालणाऱ्या टाकीत पाणी चॉकलेटी दिसतं, सगळीकडनं बुडबुडे येत असतात, आणि वास आला तर ओल्या मातीचा. काळं दिसलं तर तसंच्या तसं नाल्यात चाललंय समजा, मीटिंगमध्ये विषय काढा, ब्लोअर किती तास चालतो ते रोज लिहायला लावा.

आणि सासूबाईंचे डोळे लाल झाले, खाजले किंवा पाणी येत राहिलं तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. पुढच्या खेपेला घरनं स्वच्छ पाण्याची बाटली न्या, नदीला नमस्कार करू दे त्यांना, डोळ्यांना मात्र बाटलीतलंच लावा.