युद्धातली शोधबातमी लोकांपर्यंत पोचवायची कशी?

प्रश्न: आमची छोटी टीम आहे. युद्धातल्या एका हत्याकांडावर कित्येक महिने खपून रिपोर्ट केला, सॅटेलाइट फोटो, साक्षी सगळं जुळवलं, पण टाकल्यावर वाचलं कोणी नाही. थोडे पैसे उरलेत, ते बूस्ट करायला, म्हणजे पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवायला घालू का?

उत्तर: नका हो घालू, निदान सुरुवातीलाच तरी नको. एकतर फोटोत रक्त, मृतदेह दिसले की अॅड रिजेक्ट व्हायचीच शक्यता जास्त, आणि पास झाली तरी दोन सेकंद थांबून पुढे सरकणाऱ्याला रीच कसं म्हणायचं?

माय लायचंच बघा ना. मार्च १९६८ मध्ये व्हिएतनाममधल्या त्या गावात अमेरिकन सैनिकांनी शेकडो निःशस्त्र माणसं मारली, सिमूर हर्श या पत्रकाराने ते खणून काढलं तर लाइफ आणि लुक या बड्या मासिकांनी नको म्हटलं, मग डिस्पॅच न्यूज सर्व्हिस या छोट्याशा एजन्सीने तीच बातमी एकेका पेपरला १०० डॉलरला विकली आणि नोव्हेंबर १९६९ मध्ये ती तीसेक पेपरांत आली. तरी अमेरिका हादरली ती पुढच्या पंधरवड्यात, क्लीव्हलँडच्या प्लेन डीलर या पेपरने फोटो छापले आणि गोळ्या झाडणारा एक सैनिक सीबीएस टीव्हीवर स्वतःच्या तोंडाने बोलला तेव्हा. बातमी एकच, पण आधी मजकूर, मग फोटो, मग आवाज. तुम्ही सगळं एकाच लांबलचक पीडीएफमध्ये कोंबलं असणार असा माझा अंदाज आहे!

दुसरं, शोध कसा लावला तेच दाखवा, लोकांना त्यातच रस असतो. २०१८ मध्ये बीबीसीच्या आफ्रिका आय या शोधपत्रकारिता टीमने कॅमेरूनच्या सैनिकांनी बायका-मुलांना मारल्याच्या व्हिडिओची जागा मागच्या डोंगराची रेघ गूगल अर्थशी जुळवून शोधली, सॅटेलाइट फोटो आणि सावल्यांवरून २०१५ चा मार्च-एप्रिल ठरवला, आणि हे सगळं ट्विटरवर एकेक पायरी करून टाकलं. सरकार आधी व्हिडिओ खोटा म्हणत होतं. थ्रेड तुफान फिरला, २०२० मध्ये चार सैनिकांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली.

आणि वाचक कुठे आहे ते आधी ठरवा. मार्च २०२२ मध्ये रशियाने बीबीसीची साइट ब्लॉक केली, त्याच सुमारास बीबीसीने युक्रेन आणि रशियाच्या काही भागासाठी चक्क शॉर्टवेव्ह (इंटरनेटशिवाय दूरवर ऐकू येणारा) रेडिओ पुन्हा लावला, मेडुझा ही रशियन भाषेतली बातम्यांची साइटही ब्लॉक झाल्यावर टेलिग्राम आणि अॅपवरून चालूच राहिली. त्या देशातल्या लोकांनी वाचावं असं वाटत असेल तर नुसती वेबसाइट काय कामाची?

तेव्हा पैसे भाषांतर आणि सबटायटलला घाला. दोन-तीन मोठ्या माध्यमांना मटेरियल आधीच द्या, प्रसिद्धीची तारीख सगळ्यांची एकच ठरवा, क्रेडिट लेखी घ्या (ही गोष्ट लोक विसरतात, मग भांडतात). फक्त क्लिप कापताना साक्षीदाराचा चेहरा आणि आवाज दोन्ही बदललेत ना, मागे घराची पाटी दिसत नाही ना, हे बघा, कारण मूळ रिपोर्टमध्ये घेतलेली काळजी छोट्या रीलमध्ये हमखास सुटते.