न विकणे, न भाड्याने देणे, न पाडणे

प्रश्न : जपानच्या गिफू प्रांतातील शिराकावा-गो येथे ओगिमाची गावाची उंच गवती छपरांची जुनी घरे नुकतीच पाहिली. त्यांत कुटुंबे अजूनही राहतात. आगीचा धोका लक्षात घेता, ही घरे रिकामी करून संग्रहालय म्हणून जपणे अधिक सुरक्षित ठरले नसते का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आगीची धास्ती खरी आहे, म्हणूनच गावभर पाण्याचे उंच फवारे उडवणारी यंत्रणा बसवलेली असून दर शरद ऋतूत तिची चाचणी होते. तरीही माणसे हलवणे या घरांच्या हिताचे नाही, असे आम्हाला ठामपणे वाटते. जमिनीत खोदलेल्या चुलीचा धूर पूर्वी रेशीमकिडे पाळले जात त्या माळ्यांतून थेट आढ्यापर्यंत चढतो, वाशांवर व गवतावर काजळी धरते आणि कीड दूर राहते. चूल विझली की हे संरक्षण संपते.

दुसरे कारण छपराच्या बांधणीत आहे. नमस्कारासाठी जोडलेल्या हातांसारखी, सुमारे ६० अंश उताराची ही पाखी जड बर्फ घसरून जावा म्हणून उभी असतात. खालचा सांगाडा सुतारांनी उभारायचा आणि वरचे छप्पर गावकऱ्यांनी दोरांनी व लवचीक फांद्यांनी बांधायचे, अशी रीत होती. साधारण ३० ते ४० वर्षांनी करावी लागणारी शाकारणी एका कुटुंबाच्या आवाक्यातली नसते. तिच्यासाठी शंभराहून अधिक माणसे जमतात आणि पुढे एकमेकांच्या श्रमांची फेड करतात. या पद्धतीला तेथे ‘युई’ म्हणतात. आपल्याकडची सावड याच जातीची. आता बरेचसे काम व्यावसायिक कारागीर करतात आणि खर्चाचा मोठा भाग अनुदानातून येतो, पण शेजार नसेल तर युई उरणार कोणामध्ये?

सरकारी संरक्षण येथे मागाहून आले, हेही सांगायला हवे. धरणे आणि स्थलांतर यांमुळे खोऱ्यातील अशी घरे झपाट्याने नाहीशी होत असताना, ओगिमाचीच्या रहिवाशांनी १९७१ मध्ये घरे, शेते आणि वनजमीन विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही आणि पाडायची नाही, असे आपसांत ठरवले. राष्ट्रीय संरक्षित क्षेत्राचा दर्जा १९७६ मध्ये मिळाला, तर शेजारच्या गोकायामा भागातील अशाच घरांच्या दोन वस्त्यांसह जागतिक वारसा यादीत समावेश १९९५ मध्ये झाला.