रिसेट अर्ध्यावर अडकलं असेल तर आधी फायली बाहेर काढा, विंडोजचं नंतर बघू

ताई, तुमचं प्रकरण मला समजलं ते असं. विंडोज ११ चा चारेक वर्षांचा लॅपटॉप, आत ५१२ जीबीची एसएसडी (फिरता भाग नसलेली डिस्क). हळू झाला म्हणून 'कीप माय फाइल्स' (फायली ठेवा) निवडून रिसेटला, म्हणजे विंडोज स्वतःच नव्याने बसवायला, लावला. वार गुरुवार. ६४ टक्क्यांवर लाईट गेली, बॅटरी आधीच दोन मिनिटांची सोबती, सगळं बंद. आता चालू केला की दुरुस्तीची निळी स्क्रीन येते, आणि पुन्हा रिसेट केलं की 'देअर वॉज अ प्रॉब्लेम रिसेटिंग युवर पीसी'. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल, डेटा जाईल. सोसायटीचे तीन वर्षांचे हिशेब आत आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची आहे.

दुकानदाराचं अर्धं बरोबर आहे. विंडोज नव्याने टाकावं लागणार, ते मलाही दिसतंय. पण डेटा जायचा की राहायचा, हे फॉरमॅटच्या आधीचा तास-दोन तास तुम्ही कसे घालवता त्यावर आहे. म्हणून पहिली विनंती: आता पुन्हा रिसेट करू नका. 'बघू या तरी' म्हणून तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तर मुळीच नाही. दर खेपेला ते डिस्कवर काहीतरी लिहितं, काहीतरी हलवतं, आणि एसएसडीवर एकदा पुसलेली फाईल परत मिळेल ही आशा ठेवू नये. फाईल पुसली की विंडोज एसएसडीला ट्रिम नावाचा निरोप देतं, 'ही जागा आता रिकामी', आणि एसएसडी ती जागा आपल्या सवडीने साफ करून टाकते. मग कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर आणलं तरी हाती शून्य.

जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमध्ये तेवढी दया होती. धनकवडीला मेव्हण्याच्या डेस्कटॉपवर विंडोज नव्याने टाकताना मी स्वतः घोळ घातलाय. दोन डिस्क होत्या, एक विंडोजची, एक फोटोंची. डिस्क शून्य म्हणजे विंडोजचीच, असं धरून मी डिलीट, डिलीट, डिलीट केलं. सगळं 'अनअलोकेटेड' (रिकामी जागा) झाल्यावर आकडा वाचला: ९३१ जीबी. विंडोजची डिस्क १२० जीबीची होती. भाच्याच्या मुंजीचे फोटो मी माझ्या हाताने उडवले होते, आणि बहीण स्वयंपाकघरातून 'चहा टाकू का' विचारत होती. पुढचं बटण दाबलं नाही, कॉम्प्युटर बंद केला, डिस्क काढून घरी आणली आणि टेस्टडिस्क नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने पार्टिशन (डिस्कवरचा कप्पा) जसंच्या तसं परत उभं केलं. नशीब एवढंच की ती फिरती डिस्क होती आणि तिच्यावर नंतर काही लिहिलं गेलं नव्हतं. तेव्हापासून डिस्कचा नंबर मी वाचत नाही, आकार वाचतो.

आता तुमचं. लॅपटॉपला हात लावायच्या आधी मोबाईलवर तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून वनड्राइव्ह उघडून बघा. विंडोज ११ सेटअपच्या वेळीच डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे तीन फोल्डर वनड्राइव्हला जोडायला बघतं आणि आपण 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत गेलो की ते कधी जोडले गेले हे कळतही नाही. फुकटची जागा ५ जीबीच असते, पण सोसायटीच्या एक्सेल फायली त्यात आरामात मावतात. तिथे सापडल्या तर निम्मं काम इथेच झालं.

दुसरी गोष्ट रिकव्हरी की. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते. होम आवृत्तीत तिला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात, प्रो आवृत्तीत बिटलॉकर. निळ्या स्क्रीनवरून पुढे जाताना ४८ अंकी किल्ली मागितली, तर घाबरू नका. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून किंवा फोनवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करा, तिथे तुमच्या डिव्हाइसच्या नावाखाली ती मिळते. एकापेक्षा जास्त दिसल्या तर स्क्रीनवरच्या 'की आयडी'ची पहिली आठ अक्षरं जुळवा. तुमच्या खात्यात नसेल तर घरातल्या ज्याने पहिल्यांदा लॅपटॉप सुरू केला त्याच्या खात्यात बघा. मुलाने सेटअप केला, आणि किल्ली त्याच्या कॉलेजच्या खात्यात, असं मी पाहिलंय. एकदा तर दुकानदारानेच स्वतःचं खातं टाकून लॅपटॉप चालू करून दिला होता आणि किल्ली त्याच्याकडे. किल्ली नसेल तर मात्र तो डेटा कुणालाच उघडता येत नाही, मायक्रोसॉफ्टलासुद्धा नाही. 'आम्ही काढून देतो, आधी पैसे द्या' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

आता फायली काढायची खरी युक्ती. मोठा पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क आधीच जोडून ठेवा. चार्जर लावा, आणि हे गुरुवारी करू नका. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते हे पुण्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे, तुम्ही कशा विसरलात कोण जाणे. सोसायटीचं जनरेटर लिफ्ट आणि पंपापुरतंच असेल, खजिनदार म्हणून डिझेलचं बिल तुम्हीच बघत असाल.

निळ्या स्क्रीनवरून ट्रबलशूट, तिथून ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथून कमांड प्रॉम्प्ट. (निळी स्क्रीन यायचीच बंद झाली असेल तर: चालू करा, विंडोज सुरू होताना पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून बंद करा. असं दोनदा केलं की तिसऱ्या वेळी विंडोज सहसा स्वतःच दुरुस्तीच्या स्क्रीनवर जातं.) काळ्या खिडकीत इंग्रजीत नोटपॅड असं टाइप करून एंटर. हो, तेच साधं नोटपॅड. त्यात फाइल, मग ओपन. जी खिडकी उघडेल तिच्यात खाली 'टेक्स्ट डॉक्युमेंट्स'च्या जागी 'ऑल फाइल्स' करा, नाहीतर एक्सेलची एकही फाईल दिसणार नाही आणि तुम्ही छाती पिटायला लागाल. मग 'धिस पीसी'वर जा.

इथे एक गोंधळ होतो. तुमचा नेहमीचा सी ड्राइव्ह इथे डी किंवा ई असू शकतो. एक्स नावाचा जो दिसतो तो दुरुस्तीच्या साधनांचा तात्पुरता ड्राइव्ह, त्यात तुमचं काही नसतं. साडेचारशे जीबीच्या आसपासचा शोधा. त्यात यूझर्स फोल्डर, आत तुमचं नाव, आत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स. ते रिकामे दिसले तर ड्राइव्हच्या मुळाशी 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर आहे का बघा, आणि त्याच्या आतलं यूझर्स. रिसेट जुनं विंडोज बाजूला सरकवून ठेवतं, आणि मध्येच अडकलं की फायली तिथे पडून राहिलेल्या असू शकतात. डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारे फोल्डर दिसले तर तेही उघडून बघा. हिशेबाची फाईल दिसली की उजवं क्लिक, कॉपी. मग पेनड्राइव्हवर जाऊन उजवं क्लिक, पेस्ट.

पेस्ट केल्यावर काहीच होत नाही असं वाटेल. हिरवी पट्टी येत नाही, टक्के येत नाहीत, खिडकी गोठल्यासारखी होते. कॉपी चालू असते. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकतोय का बघा आणि हात बांधून बसा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा अडकलं समजून खिडकी बंद केली होती आणि अर्ध्या फायली शून्य केबीच्या निघाल्या. एकदम सगळं उचलू नका. आधी हिशेब, मग बाकीचं. आणि पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून दोन-चार फायली प्रत्यक्ष उघडून बघितल्याशिवाय पुढची पायरी चढायची नाही.

कॉपी करताना चुका येत असतील किंवा फोल्डर उघडायलाच मिनिटं लागत असतील तर दुखणं डिस्कचंच असू शकतं. अशा वेळी कुणी 'चेकडिस्क (डिस्क तपासणारी कमांड) मार' म्हणेल. मारू नका. मरायला टेकलेल्या डिस्कवर ते चालवणं म्हणजे आजाऱ्याला पर्वती चढायला लावणं. आधी जमेल तेवढं कॉपी, तपासणी नंतर.

यूट्यूबवर अशा वेळी बूटरेकच्या, म्हणजे विंडोज सुरू होण्यातला बिघाड दुरुस्त करायच्या, कमांड हमखास सांगतात. त्यातली एमबीआरवाली जुन्या बायोसच्या (मशीन सुरू करणारं जुनं सॉफ्टवेअर) मशीनसाठी आहे, आणि फिक्सबूट तुमच्यासारख्या यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) लॅपटॉपवर बऱ्याचदा 'ॲक्सेस इज डिनाइड' म्हणून हात वर करतं. यूईएफआयवर बूटच्या फायली परत बनवायला बीसीडीबूट लागतं. पण तुमच्याकडे विंडोजच अर्धवट आहे, त्याला दार नवीन बसवून काय उपयोग? सोडून द्या.

दुरुस्तीची स्क्रीनच गेली असेल तर दोन वाटा. एक, दुसऱ्या कॉम्प्युटरवर विंडोजचा पेनड्राइव्ह बनवायचा, त्यावरून बूट करायचं, म्हणजे लॅपटॉप त्यावरून सुरू करायचा, आणि पहिल्या स्क्रीनवर शिफ्ट आणि एफ १० दाबायचं (काही लॅपटॉपवर सोबत एफएन). तीच काळी खिडकी उघडते, पुढे तेच नोटपॅड. दोन, मागचं झाकण काढून एसएसडी बाहेर काढायची, यूएसबीच्या केसिंगमध्ये घालायची आणि दुसऱ्या लॅपटॉपला लावायची. केसिंग बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा, पण जाताना एसएसडी सोबत न्या. एम डॉट टू (पट्टीसारखी छोटी एसएसडी) दिसायला सारखी असली तरी तिचे दोन प्रकार, एनव्हीएमई वेगळी आणि साटा वेगळी, चुकीच्या केसिंगमध्ये ती दिसणारच नाही. स्क्रू उघडायचा आत्मविश्वास नसेल तर हे काम दुकानात करून घ्या, मात्र 'आधी कॉपी, माझ्यासमोर, मग फॉरमॅट' हे पावतीवर लिहून घ्या आणि तिथेच बसून राहा.

फायली हातात आल्यावर विंडोज टाकणं हे त्या मानाने हमाली काम. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल, किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह (त्यावरचं सगळं पुसलं जातं, म्हणून हिशेब ज्यावर घेतले तो वापरू नका), चांगलं इंटरनेट. बूट मेनूसाठी डेल आणि लेनोव्होवर सहसा एफ १२, एचपीवर एफ ९, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप.

तुमचा लॅपटॉप चार वर्षांचा, म्हणजे इंटेलची अकरावी किंवा बारावी पिढी असेल तर एक खड्डा सांगून ठेवतो. इन्स्टॉल कुठे करायचं त्या पानावर डिस्कच दिसत नाही, यादी रिकामी. लोक इथे एसएसडी जळाली समजून नवीन आणतात. बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत असते, फक्त इंटेलच्या व्हीएमडीमागे (डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय) दडलेली असते आणि सेटअपकडे तिचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलच्या पानावरून 'रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी' ड्रायव्हर उतरवा, झिप सोडवून त्याच पेनड्राइव्हवर टाका आणि 'लोड ड्रायव्हर' दाबून दाखवा. यादीत डिस्क येते. वरच्या शिफ्ट-एफ १० च्या वाटेनेही हीच अडचण येईल, तेव्हाही आधी ड्रायव्हर दाखवून मग नोटपॅड. काहीजण बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करा म्हणतात. नव्याने टाकणार असाल तर चालतं, पण नंतर कुणी ते परत चालू केलं तर विंडोज उठणार नाही.

डिस्क दिसली की आकार वाचा. मेव्हण्याची गोष्ट आठवा. पेनड्राइव्हही त्याच यादीत दिसतो. एसएसडीची सगळी पार्टिशन उडवून एकच रिकामी जागा ठेवा आणि नेक्स्ट. प्रॉडक्ट की मागितली तर 'माझ्याकडे नाही' म्हणा. लॅपटॉपसोबत विंडोज आलं होतं, म्हणजे किल्ली मदरबोर्डमध्येच आहे. फक्त आधी होम होतं तर होमच निवडा. पुढे वायफाय दिसत नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, ड्रायव्हरशिवाय चालतं.

आणि रिसेट फसायला लाईटच लागते असं नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये विंडोज १० आणि विंडोज ११ च्या २२एच२, २३एच२ आवृत्त्यांवर महिन्याच्या सुरक्षा अपडेटनेच रिसेट बिघडवलं होतं. १९ ऑगस्टला मायक्रोसॉफ्टला वेगळं दुरुस्ती अपडेट काढावं लागलं. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अपडेटनंतर दुरुस्तीच्या स्क्रीनवर यूएसबीचा माउस आणि कीबोर्डच चालेना. तेव्हा लाईट न जाताही एखाद्याचं अडकलं असेल तर त्याने स्वतःला दोष देत बसू नये.

आज रात्री किल्ली शोधा आणि नोटपॅडमधून 'ऑल फाइल्स' केल्यावर जे फोल्डर दिसतात त्यांचा फोटो काढून इथे टाका, मग हिशेब नेमके कुठे आहेत ते सांगतो. किल्लीबाबत अडलं तर 'की आयडी'ची आठ अक्षरं लिहिली तरी चालतील. ४८ आकडे मात्र कुणालाही देऊ नका, मलाही नाही.