पाच वर्षांचं बी.ए. एलएल.बी. घ्यावं का? त्यातले आर्ट्सचे विषय खरंच वाया जातात का?

तू बारावी आर्ट्सला आहेस आणि वकीलच व्हायचं ठरवलं आहेस. घरचे म्हणतात आधी साधं बी.ए. कर, मग तीन वर्षांचं एलएल.बी. बघू. मैत्रिणी पाच वर्षांच्या कोर्सचे फॉर्म भरतायत. आणि कॉलेजातल्या एका सीनियरने सांगितलंय की त्या पाचातली पहिली दोन वर्षं आर्ट्सच्या विषयांत फुकट जातात. मी पुण्यातून पाच वर्षांचं बी.ए. एलएल.बी. केलं आणि गेली नऊ वर्षं सातारा जिल्ह्यात वकिली करते. वयाने मोठी आहे म्हणून तुला अगंतुगं करते, राग मानू नकोस.

आधी साधा हिशोब. बारावीनंतर थेट गेलीस तर पाच वर्षं, बी.ए. करून गेलीस तर सहा. वर्ष वाचतं, पण एक अडचण कुणी सांगत नाही. वकिलीच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे ही दुहेरी पदवी, म्हणजे बी.ए. आणि एलएल.बी. एकत्र, अर्ध्यावर तोडून देता येत नाही. तिसऱ्या वर्षी वाटलं की कायदा आपल्याला झेपत नाही, तर हातात बी.ए. घेऊन बाहेर पडता येत नाही. त्यामुळे मनात थोडी जरी शंका असेल तर घरच्यांचा सल्ला चुकीचा नाही. तुझं पक्कं असेल तर मात्र पाच वर्षांचंच घे.

आता ‘फुकट’ या शब्दाबद्दल. मला हे अजिबात पटत नाही, आणि का ते सविस्तर सांगते.

पहिल्या वर्षी आम्हाला इतिहासाच्या तासाला रखमाबाईंचा खटला शिकवला होता. लहानपणी लग्न झालेलं, त्या सासरी नांदायला गेल्याच नव्हत्या. १८८४ मध्ये नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी, त्यांनी नांदायला यावं म्हणून मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. पहिल्या न्यायाधीशांनी तो फेटाळला. अपिलात प्रकरण परत आलं आणि १८८७ मध्ये हुकूम झाला की महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. शेवटी पैसे देऊन तडजोड झाली आणि पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. परीक्षेला दहा मार्कांचा प्रश्न, एवढंच तेव्हा वाटलं होतं.

सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाल्यावर पहिल्याच वर्षी माझ्या सीनियरच्या ऑफिसात एक मुलगी आली. नवऱ्याने तिच्यावर नांदायला येण्याचा दावा लावला होता, हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली. नोटिशीचा कागद तिने घामाने ओला केला होता. तिने एकच विचारलं, “पोलीस मला उचलून तिकडं सोडतील का?” तिला काय सांगायचं ते मला माहीत होतं. आज या हुकमासाठी कुणाला तुरुंगात टाकत नाहीत, फार तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. आणि हुकूम होऊन वर्षभर दोघं एकत्र आले नाहीत, तर त्याच कारणावर दोघांपैकी कुणालाही घटस्फोट मागता येतो. हे सगळं कायद्याच्या पुस्तकात आहे. पण हा दावा मुळात आपला नाहीच, तो इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टांतून इथे आला, इंग्लंडने स्वतः तो १९७० मध्ये काढून टाकला आणि आपण तो १९५५ च्या कायद्यात ठेवला, हे मला कळत होतं ते इतिहासामुळे. आंध्र हायकोर्टाने १९८३ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवलं आणि पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ते वैध ठरवलं. हे दोन्ही निकाल मी तेव्हा पुन्हा काढून वाचले आणि पहिल्यांदा जाणवलं की न्यायाधीश नुसता कायदा लावत नसतात, लग्न म्हणजे काय याचं उत्तरही देत असतात. त्या मुलीची कैफियत, म्हणजे दाव्याला द्यायचं लेखी उत्तर, मी लिहिली. आजवर लिहिलेल्या कैफियतींत ती मला सगळ्यात जवळची आहे.

समाजशास्त्राचंही तेच. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाएवढा हक्क आहे. महाराष्ट्राने हे १९९४ मध्येच केलं, देशभर २००५ मध्ये झालं, आणि वडील २००५ ला हयात नसले तरी हक्क जात नाही हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. कायदा इतका लख्ख आहे. तरी माझ्याकडे बहिणी येतात त्या बहुतेक वेळा हिस्सा मागायला येत नाहीत, हक्कसोडपत्रावर सही करायला येतात. सातबाऱ्यावरून नाव गेलं तरी चालेल, भावाचं दार बंद व्हायला नको. कुटुंब, नातेसंबंध, हुंडा हे धडे मी आधी नीट वाचले नसते तर त्यांना मी भोळ्या म्हटलं असतं. आता मी भावाला बाहेर बसवते आणि तिला एकटीला विचारते.

अर्थशास्त्र मात्र आमच्याकडे फार वाईट शिकवलं गेलं. सर वही उघडून उतरवून द्यायचे आणि आम्ही गाईडवर पास झालो. भूसंपादनाची पहिली केस आली तेव्हा मोबदल्याचा हिशोब समजायला मला महिना गेला. त्याचं मला अजून वाईट वाटतं. तुमच्याकडेही असंच असेल तर तो विषय स्वतः वाच. राज्यशास्त्राबद्दल जास्त सांगत नाही, ते कच्चं राहिलं तर संविधानाचा पेपर नुसता पाठांतराचा होतो.

प्रवेशाचं बघ. राज्याची प्रवेश परीक्षा, सीईटी, मराठीतूनही देता येते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, क्लॅट, फक्त इंग्रजीत असते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची राष्ट्रीय विधी विद्यापीठं त्याच क्लॅटमधून प्रवेश देतात. बारावीला खुल्या वर्गासाठी ४५ टक्के लागतात. मराठी माध्यमातून आलीस म्हणून घाबरू नको, मीही तिथूनच आले. पहिले सहा महिने निकालपत्राचं एक पान वाचायला मला तास लागायचा. रोज एकच पान वाचायचे आणि समासात मराठी अर्थ लिहायचे. दुसऱ्या वर्षी वेग आला. मराठीही सोडू नको. तालुक्याच्या कोर्टात दावा, जबाब, उलटतपास सगळं मराठीत चालतं आणि चांगलं मराठी लिहिणारा ज्युनियर सीनियरला लगेच हवा असतो.

जज व्हायचं मनात असेल तर एक बदल लक्षात घे. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. पदवी हातात आली की लगेच परीक्षा, हा रस्ता आता नाही. म्हणून पाच वर्षांत ज्या किमान २० आठवड्यांच्या इंटर्नशिप कराव्या लागतात, त्यांतल्या निम्म्या तरी खालच्या कोर्टातल्या वकिलाकडे कर. नुसतं सर्टिफिकेट देणारे पुष्कळ भेटतील, त्यांच्याकडे जाऊ नको.

आणि फॉर्म भरायच्या आधी, परीक्षा संपली की, एक दिवस तुझ्या तालुक्याच्या कोर्टात जाऊन बस. नवरा-बायकोच्या केसेस बंद दाराआड चालतात, पण वाटणीच्या दाव्यातली साक्ष कुणालाही ऐकता येते. सकाळी अकराला जा, मागच्या बाकावर बस, मोबाइल बंद ठेव. एखादी बहीण भावाविरुद्ध पिंजऱ्यात उभी असेल तर तिची उलटतपासणी पूर्ण होईपर्यंत उठू नको. घरी आल्यावर तुला त्या वकिलाच्या जागी बसावंसं वाटलं का, ते इथेच लिही. मग कॉलेजच्या निवडीबद्दल बोलू.