मेंढ्यांचा वाडा मोडावा का?

प्रश्न : आमचे गाव बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात आहे. वडिलांकडे ८५ मेंढ्या असून दिवाळीनंतर वाडा (कळप आणि सोबतचे बिऱ्हाड) घाट उतरून कोकणात जातो आणि मृगाच्या आधी परततो. मी हडपसरला कंत्राटी नोकरी करतो. चराईची राने दरवर्षी आटत आहेत, लोकरीला गिऱ्हाईक नाही आणि पावसाळ्यात कोकरे दगावतात. वडील कळप विकायला निघाले आहेत. मला मात्र कर्ज काढून तो बंदिस्त पद्धतीने वाढवावा असे वाटते. आम्ही काय करावे? — एक वाचक, बारामती तालुका

उत्तर : कळप विकण्याची घाई करू नये, आणि कर्ज काढून सगळाच्या सगळा कळप गोठ्यात कोंडण्याचीही करू नये. तीस किलो वजनाच्या मेंढीला दिवसाला साधारण तीन किलो हिरवा आणि अर्धा किलो कोरडा चारा लागतो. ८५ मेंढ्यांचा हिशेब केला तर रोज अडीचशे किलो हिरवा आणि चाळीस किलोंच्या आसपास कोरडा चारा झाला. जिरायती गावात चैत्र-वैशाखात एवढा चारा विकत घेऊन मेंढी पोसायची म्हटले, तर कोकरांच्या विक्रीतून चाऱ्याचे बिल तरी भागेल का, याची मला शंका वाटते. आपले वडील मेंढ्या चालवत नेतात, तेव्हा हाच चारा त्यांना पायांच्या कष्टावर मिळतो; शिवाय लेंडीखतासाठी शेतात वाडा बसवल्याबद्दल शेतकरी धान्य किंवा रोख रक्कम देतो. नोकरदार मुलाच्या वहीत या दोन गोष्टी सहसा लिहिलेल्या नसतात.

अडचणी खऱ्याच आहेत. कालव्याच्या पाण्याबरोबर ऊस आला आणि पूर्वी ज्वारीच्या काढणीनंतर मोकळी होणारी शिवारे वर्षभर बांधली गेली. चाकण आणि रांजणगावच्या बाजूला कारखाने आणि वसाहतींनी माळ गिळले. सासवड ते इंदापूर या पट्ट्यातील माळांवर लांडगाही आहे. त्याने मेंढी मारली, तर ती जागेवरून न हलवता वनविभागाला त्याच दिवशी कळवावे. पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही. राहता राहिली लोकर. दख्खनी मेंढीची लोकर जाड, घोंगडी आणि जेन (लोकरीची जाड बैठक) यांच्याच उपयोगाची असल्यामुळे कातरणीची मजुरीही तिच्यातून सुटत नाही. लोकरीवर उत्पन्नाचा हिशेब बांधू नये, मात्र कातरणी चुकवू नये, कारण वाढलेल्या लोकरीत गोचिडी आणि पिसवा माजतात.

म्हणजे तुमचे उत्पन्न कोकरात आहे, आणि मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते त्याच्याबद्दल. समजा, वर्षाला सत्तर कोकरे जन्मली आणि पंधरा दगावली. त्यांतली दहा वाचवली, तर नव्या दहा-बारा मेंढ्या विकत घेऊन वर्षभर पोसल्याचा लाभ घरबसल्या मिळतो. कोकरू जन्मल्यापासून अर्ध्या-एक तासात त्याच्या पोटात चीक गेला पाहिजे आणि नाळेला आयोडीन लागले पाहिजे. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी, म्हणजे वाडा कोकणातून परतल्याबरोबर, द्यावी आणि प्रथमच लस घेणाऱ्या कोकरांना दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा चुकवू नये. कोवळे गवत किंवा मळणीनंतरचे सांडलेले धान्य एकदम पोटात गेले की हाच रोग धडधाकट कोकरू एका रात्रीत नेतो. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस एकदा दिली की साधारण तीन वर्षे संरक्षण मिळते. बाजारातून आणलेला मेंढा तीन आठवडे तरी कळपात मिसळू देऊ नये.

बंदिस्त पद्धत आणायची, तर ती फक्त कोकरांसाठी आणावी. मेंढ्या रानात जाव्यात आणि कोकरे वाघरीच्या (जाळीच्या कुंपणाच्या) आत सावलीला राहावीत; त्यांच्यापुढे तुरीचे भुसकट, भुईमुगाचा पाला, बाभळीच्या शेंगा आणि थोडा भरडा ठेवावा. भरडा पन्नास ग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवावा. बांधावर शेवरी, सुबाभूळ आणि दशरथ घास लावला, तर पेंडीचा खर्च बराच कमी होतो.

आता विक्रीविषयी. मागच्या उन्हाळ्यात सुप्याच्या बाजूला एका वाड्यावर मी बाभळीच्या फांदीला ताणकाटा टांगून पोत्याच्या झोळीत एक कोकरू तोलले होते. म्हाताऱ्या मेंढक्याने ते हातात उचलून, कमरेवर अंगठा दाबून ‘चौदा किलो’ म्हटले होते. काट्याने साडेसतरा दाखवले. व्यापारी जोडीवर उक्ती बोली लावतो, तेव्हा असा साडेतीन किलोंचा फरक दर कोकरामागे त्याच्या खिशात जातो. म्हणून घरून वजन करून, ते अंगावर रंगाने लिहूनच कोकरू चाकणच्या शनिवारच्या बाजारात उतरवावे. काट्याची किंमत एका बाजारात वसूल होते. बकरी ईदच्या दोन-अडीच महिने आधी नर कोकरे निराळी काढून त्यांना खुराक सुरू केल्यास भाव आणखी चांगला मिळतो.

जातीबद्दल आपण विचारलेले नाही, तरीही सांगतो. जत तालुक्यातील माडग्याळ मेंढ्याची कोकरे वजन झपाट्याने घेतात. दख्खनी मेंढ्यांवर असा एखादा मेंढा सोडायला हरकत नाही. मात्र त्याच्या बाकदार नाकावर लागणाऱ्या मोठमोठ्या बोलींच्या नादी लागू नये. आपल्याला त्याच्या कोकरांचे वजन हवे आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतील जुळ्यांचा जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली आहे. जुळी कोकरे आकर्षक वाटतात, पण घाट उतरणाऱ्या बिऱ्हाडात दोन कोकरांना पुरेल एवढे दूध आईला येईलच असे नाही, म्हणून घरी थांबणाऱ्या आठ-दहा मेंढ्यांपुरताच हा प्रयोग करावा.

कर्जाआधी अनुदानाची चौकशी करा. भटक्या जमाती (क) प्रवर्गात असाल, तर राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत २० मेंढ्या आणि एका मेंढ्याच्या गटासाठी ७५ टक्के अनुदानाची तरतूद आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या आणि ५ नरांच्या प्रकल्पाला ५० टक्के, कमाल १० लाख रुपये भांडवली अनुदान मिळते. उरलेले पैसे मात्र आपलेच, म्हणून हा मार्ग दोन वर्षांचा वजनाचा आणि मरतुकीचा हिशेब हाती आल्यावरच धरावा. मेंढी व शेळी विकास महामंडळाचे मुख्य कार्यालय पुण्यात गोखलेनगरला आहे. आपण पुण्यातच असता, तेव्हा एक दिवसाची रजा काढून तेथे जावे आणि शक्य झाल्यास वडिलांनाही सोबत न्यावे.

प्रश्न : शिरूर तालुक्यात आमच्या सहा म्हशी आणि चार संकरित गाई आहेत. नर वासरे आणि रेडके यांचे काय करावे, हे कळत नाही. — एक दूध उत्पादक

उत्तर : दोन्ही प्रश्न वेगळे आहेत. मार्च २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे संकरित गोऱ्ह्याला बाजार जवळजवळ उरलेला नाही. गोऱ्हा जन्मालाच कमी यावा, हाच त्यावर उपाय आहे. गाईंना लिंगवर्गीकृत वीर्यमात्रा वापरल्यास सुमारे ९० टक्के कालवडी होतात. म्हशीला ही बंदी लागू नाही. कत्तलीसाठी मात्र सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. आपल्याकडे रेडकाला दूध तोडून उपाशी मारण्याची जी रीत पडली आहे, ती क्रूर आहे आणि तोट्याचीही आहे. वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढे दूध, जन्मानंतर दहा ते पंधरा दिवसांत जंताचे पहिले औषध आणि तिसऱ्या आठवड्यापासून भरडा, एवढ्यावर रेडकू तगते. यंदा दोन रेडकांवर हे करून पाहावे आणि दर महिन्याला छातीच्या घेराचे माप वहीत लिहून ठेवावे.