पहिलं मॅनर हाऊस बघायला जाताय? मग एवढं ऐका

मॅनर हाऊस म्हणजे इंग्लंडमधल्या जुन्या जमीनदारांचं मोठं घर. आई-बाबांना घेऊन जाताय, तर एका दिवसात एकच घर धरा. मी पहिल्या वर्षी तीन उरकली. संध्याकाळी सगळे जिने एकसारखेच वाटत होते.

सुरुवातीला इंग्लंडच्या केंट परगण्यातलं आयटम मोट बघा. (स्पेलिंग Ightham असं भलतंच आहे, उच्चार मात्र ‘आयटम’च. हसून घ्या.) 14व्या शतकातलं घर, भोवती पाण्याचा खंदक आणि मधोमध आपल्या वाड्यासारखा चौक. त्या चौकात सेंट बर्नार्ड कुत्र्यासाठी बांधलेलं लाकडी घर आहे, आणि त्यालाही ग्रेड वनचं, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंसाठीचं सर्वांत वरचं, सरकारी संरक्षण आहे! चॅपलमध्ये, म्हणजे घरातल्या छोट्या प्रार्थनागृहात, मान वर करा. रंगवलेल्या छतावर राजा आठवा हेन्री आणि त्याची पहिली राणी कॅथरीन ऑफ ॲरागॉन यांची चिन्हं आहेत. रंग फिके झालेत, तेव्हा डोळ्यांना दोन मिनिटं द्या.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- बागेची वेळ पाहून निघतात. घर बरेचदा उशिरा उघडतं आणि लवकर बंद होतं, त्यामुळे दोन्ही वेळा बघा.
- टाचांचे बूट, पाठीवर मोठी सॅक. जुन्या लाकडी जमिनीला टाचेने खळगे पडतात. सॅक वळताना कशालाही लागते.
- खोलीत अंधार म्हणून कुरकुरतात. कापड आणि रंग उजेडाने विटतात, म्हणून पडदे ओढलेले असतात. फ्लॅश तर नकोच.

खोलीत बसलेल्या स्वयंसेवक आजी-आजोबांना ‘तुम्हाला इथलं काय आवडतं?’ एवढं विचारा. पाटीवर नसलेलं बरंच कळतं.

स्थापत्यशैलींची नावं आत्ता पाठ करू नका. अशी बरीच घरं सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या वार्षिक सदस्यत्वाचं दुसऱ्या भेटीनंतर बघू.