लोकवस्ती एकदा कमी व्हायला लागली की ती परत वाढते का?

तुम्ही विचारलंय की गावात मृत्यूपेक्षा जन्म जास्त आहेत, नवीन घरंही दिसतायत, तरी मोजणीत माणसं कमी कशी भरली, आणि एकदा घट सुरू झाली की ती थांबते का. मी बरीच वर्षं लोकसंख्येच्या आकड्यांचंच काम करतोय आणि हा विषय माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी घरांचं बघू कारण तिथेच सगळे फसतात. समजा २०० घरं आहेत आणि घरटी पाच माणसं, म्हणजे १००० वस्ती. पुढे मुलं वेगळी राहायला लागली, कुटुंबं छोटी झाली आणि घरटी तीनच माणसं उरली, तर ९०० लोकांना ३०० घरं लागतात. माणसं शंभरने घटली आणि घरं शंभरने वाढली! बघणाऱ्याला वाटणार गाव जोरात वाढतंय.

आता जन्म-मृत्यूचं. त्याच हजारात वर्षाला १५ जन्म, १० मृत्यू, म्हणजे पाचची वाढ. पण २० जण शिकायला, नोकरीला बाहेर गेले आणि परत आले नाहीत तर झाली १५ची घट. लोक म्हणतात पंधराच तर आहेत. पण जाणारे कोण आहेत ते बघा ना, ते सगळे विशी-पंचविशीतले असतात, त्यांची लग्नं, मुलंबाळं सगळं दुसरीकडे होणार, म्हणजे वीस माणसं गेली नाहीत, त्यांच्यासोबत पुढची पिढीही गेली. हे वीस वर्षं चाललं की आई-बाप होण्याच्या वयातली माणसंच थोडी उरतात, जन्म १५ वरून सात-आठवर येतात, मागे राहिलेले म्हातारे होतात म्हणून मृत्यू वाढतात, आणि मग उद्या एकही माणूस बाहेर गेला नाही तरी वस्ती घटतच राहते. लोक जागे होतात ते नेमके या टप्प्यावर, आणि मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं, कारण खरी गळती वीस वर्षं आधी सुरू झालेली असते.

हा उशीर केवढा असू शकतो ते जपानमध्ये दिसतं. तिथे दर बाईमागे मुलांचं प्रमाण १९७४ च्या सुमारास २.१ च्या खाली गेलं (लोकसंख्या स्थिर राहायला साधारण एवढं लागतं), पण देशाची लोकसंख्या वाढायची थांबली २००८ च्या आसपास. मधली तीस-पस्तीस वर्षं आधी जन्मलेल्या मोठ्या पिढ्यांच्या जोरावर निघाली, आकडा चांगला दिसत होता आणि आतून वय वाढत होतं.

मग परत वाढते का? वाढते, पण वेळ लागतो. आयर्लंडचं उदाहरण मी सगळ्यांना सांगतो. आज जो आयर्लंड देश आहे तेवढ्याच भागात १८४१ मध्ये साधारण ६५ लाख लोक होते. नंतर बटाट्याचं पीक गेलं, भयंकर दुष्काळ पडला, लाखो माणसं मेली आणि लाखो देश सोडून गेली. दुष्काळ काही वर्षांत संपला पण बाहेर जायची वाट पडली ती पडलीच, १९६१ मध्ये फक्त २८ लाख उरले. एकशेवीस वर्षं! त्यानंतर देशात रोजगार आला, तरुण थांबले, गेलेले काही परतले, बाहेरचेही येऊन राहिले आणि २०२२ च्या जनगणनेत ५१ लाखांच्या वर लोक भरले. अजूनही १८४१ इतके नाहीत.

उलट जपानमधलंच युबारी बघा, कोळशाच्या खाणींवर उभं राहिलेलं शहर, १९६० च्या सुमारास लाखाच्या वर वस्ती. खाणी एकामागून एक बंद झाल्या आणि २०२० मध्ये साडेसात हजारही माणसं नव्हती. पोट भरायचं एकच साधन असलेल्या वस्तीची मला म्हणूनच काळजी वाटते.

आणि हो, हद्दीचं विसरू नका. जर्मनीतल्या लाइपझिगची लोकसंख्या १९९० नंतर झपाट्याने घसरली, मग २००० च्या सुमारास अचानक उडी दिसते, ती बरीचशी आजूबाजूची गावं शहरात घेतली म्हणून. खरी वाढ नंतर झाली आणि आज तिथे सहा लाखांच्या वर लोक आहेत. तेव्हा दोन जनगणनांची तुलना करताना मधे हद्द बदलली का ते आधी विचारा, नाहीतर सगळा हिशोबच चुकतो.

तुमच्या गावासाठी एवढंच करा, एकूण आकडा बाजूला ठेवा आणि शाळेचा पट बघा. पहिलीत किती, दहावीत किती, आणि आजची दहावीची मुलं पहिलीत होती तेव्हा, म्हणजे नऊ वर्षांपूर्वी, पहिलीत किती होते (दहावीला शेजारच्या गावातली मुलं येत असतील तर ती वगळा). दरवर्षी पहिलीचा वर्ग लहान होत असेल तर एकूण संख्या आज कितीही बरी दिसो, घट मुरलेली आहे. पण एक-दोन वर्षांत पहिलीत पोरं वाढली असतील तर त्यांचे आई-बाप कोण आहेत, ते गावातच थांबलेत की बाहेरून परत आलेत, हे नक्की विचारा. परतलेले निघाले तर कशामुळे परतले तेही विचारा आणि जमलं तर वयोगटाच्या आकड्यांसोबत इथे लिहा, मी बघून सांगतो.